तारापूरचा निरोप आणि ओतून दिलेले दूध

दुपारची वेळ. पलीकडच्या गल्लीतल्या काकू मोबाईल हातात धरून धापा टाकत घरी आल्या. "ताई, बघा बरं हे. तारापूरला स्फोट झालाय म्हणे. माझा पोरगा तिथंच आहे."

मोबाईलवर काळ्या धुराचा लोट दिसत होता. खाली लिहिले होते की तारापूरच्या अणुकेंद्रात भयंकर स्फोट झाला आहे, वारा नाशिककडे वाहतो आहे, तीन दिवस दूध पिऊ नका, पावसात भिजू नका. मुलाचा फोन लागत नव्हता. संध्याकाळी लागला. स्फोट झाला होता तो बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात, आणि काकूंचा मुलगा कामाला होता दुसऱ्याच कारखान्यात. अणुकेंद्राचा त्या आगीशी काही संबंध नव्हता. पण तोवर आमच्या वणीच्या वस्तीत दोन घरांनी सकाळचे दूध मोरीत ओतून दिले होते, आणि एक तरुण जखमेवर लावायच्या आयोडीनची बाटली घेऊन मला विचारायला आला होता, "हे किती थेंब प्यायचं?"

ती बाटली पाहून माझ्या पोटात गोळा आला. ते औषध पिण्यासाठी नसते. प्यायल्यास घसा आणि पोट भाजते. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर हाच विषय घेतला आहे. अणुकेंद्रात अपघात होतो म्हणजे काय होते, तो किती मोठा हे कसे कळते, आणि नंतर वर्षानुवर्षे माणसांचे काय होते. आधीच सांगते, त्या खोट्या निरोपातली दुधाची गोष्ट अगदीच हवेतली नव्हती. फक्त ती चुकीच्या दिवशी आणि चुकीच्या आगीसाठी सांगितली गेली.

पहिले म्हणजे तारापूर नावाच्या दोन गोष्टी आहेत. एक तारापूर औद्योगिक वसाहत. तिथे औषधांचे, रंगांचे, रसायनांचे कारखाने आहेत, आगी आणि स्फोट तिथे अनेकदा झाले आहेत, कामगार मेले आहेत. दुसरे समुद्रकाठचे तारापूर अणुविद्युत केंद्र. १९६९ साली सुरू झालेले हे देशातले पहिले अणुवीज केंद्र. दोन जुन्या भट्ट्या अमेरिकेच्या मदतीने उभ्या राहिल्या, पुढे ५४० मेगावॅटच्या दोन भट्ट्या आपल्या देशात तयार होऊन २००५ आणि २००६ मध्ये चालू झाल्या. बातमीत नुसते 'तारापूर' आले की दोन्हींची सरमिसळ होते. पुढच्या वेळी निरोप आला तर आधी विचारा, कुठले तारापूर?

आणि आपल्याला जवळचे केंद्र तारापूर नाहीच. नकाशावर पट्टी ठेवून पाहा. वणीपासून तारापूर सरळ रेषेत सव्वाशे ते दीडशे किलोमीटर भरते. गुजरातेतले तापी जिल्ह्यातले काक्रापार शंभर ते सव्वाशे किलोमीटरवर आहे. सुरगाण्याच्या पलीकडे, डांगच्या जंगलाच्या वर. तिथे २२० मेगावॅटच्या दोन जुन्या आणि ७०० मेगावॅटच्या दोन नव्या भट्ट्या आहेत. मी ज्या ज्या घरी विचारले, तिथे काक्रापारचे नाव कुणी ऐकलेले नव्हते.

चुलीतले निखारे

अणुभट्टी म्हणजे पाणी तापवायची एक मोठी चूल. युरेनियमचे अणू फुटतात, त्यातून उष्णता निघते, पाण्याची वाफ होते, वाफेवर चाक फिरते आणि वीज तयार होते. औष्णिक केंद्रात कोळसा जळतो, इथे अणू फुटतात, पुढचा सगळा कारभार जवळपास सारखाच.

बॉम्ब फुटतो तशी ही भट्टी फुटेल का? नाही. युरेनियमच्या ज्या भागातून ही ऊर्जा निघते त्याचे प्रमाण युरेनियमच्या बॉम्बमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास लागते. काक्रापारच्या इंधनात ते १ टक्क्याहूनही कमी असते, तारापूरच्या जुन्या भट्ट्यांत ३ टक्क्यांच्या आत. लोकांच्या डोक्यात बॉम्ब आणि वीजकेंद्र एकत्र बसले आहे, त्याला आपले राज्यकर्तेही जबाबदार आहेत. १८ मे १९७४ ला पोखरणला चाचणी केली, आणि तिला नाव दिले हसऱ्या बुद्धाचे. आपल्या घरांमधून तेव्हाच्या माणसांना ते फार लागले होते. असो.

मग अपघात होतो कसा? चुलीतली लाकडे बाहेर ओढली तरी आत निखारे राहतात आणि त्यावर ठेवलेले पातेले उकळतच राहते, हे कुठल्याही बाईला सांगायला नको. अणुभट्टीचेही तसेच. भट्टी बंद केली, अणू फुटायचे थांबले, तरी आत तयार झालेले पदार्थ तापतच राहतात. बंद केल्याच्या क्षणी ही उष्णता चालू भट्टीच्या सहा-सात टक्के असते. ऐकायला कमी वाटते, पण एवढ्या मोठ्या भट्टीचे सहा टक्के म्हणजे पाण्याशिवाय इंधन वितळायला पुरेसे. म्हणून बंद भट्टीतही दिवसरात्र पाणी फिरवावे लागते. पाणी फिरवायला पंप, पंपाला वीज. वीज गेली की संकट.

आपल्या देशात हे एकदा फार जवळून गेले. ३१ मार्च १९९३ ला उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याच्या केंद्रात चाकाची पाती तुटली, आग लागली, केबली जळाल्या आणि सतरा तास केंद्र अंधारात होते. कामगारांनी आग विझवायच्या डिझेल पंपांनी पाणी पोचवून भट्टी वाचवली. बाहेर किरणोत्सर्ग पसरला नाही. ती रात्र ज्यांनी काढली त्यांची नावे कुठल्या पाठ्यपुस्तकात नाहीत.

जपानमध्ये फुकुशिमाला नशीब तेवढे बरे नव्हते. ११ मार्च २०११ ला आधी ९ तीव्रतेचा भूकंप झाला. चालू भट्ट्या आपोआप बंद पडल्या, म्हणजे लाकडे ओढली गेली. मग चौदा-पंधरा मीटरची लाट आली आणि वीज देणारी डिझेल यंत्रे पाण्याखाली गेली. तीन भट्ट्यांमधले इंधन वितळले. गरम धातू आणि वाफ यांच्यातून हायड्रोजन वायू निघाला आणि त्याने इमारतींची छपरे उडवली. टीव्हीवर दिसलेले ते स्फोट बॉम्बचे नव्हते, वायूचे होते. तिथली पहिली भट्टी ज्या अमेरिकन कंपनीच्या रचनेची होती त्याच कंपनीने तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या दिल्या, पद्धतही तीच, उकळत्या पाण्याची. त्यामुळे फुकुशिमानंतर तारापूरकडे पुन्हा बारकाईने पाहावे लागले.

सात पायऱ्या

भूकंपाला जशी तीव्रता असते तशी अणुअपघातालाही एक मोजपट्टी आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ती १९९० मध्ये केली. एक ते सात पायऱ्या. वरची प्रत्येक पायरी खालच्यापेक्षा साधारण दहापट गंभीर. तीनपर्यंत त्याला घटना म्हणतात, चारपासून अपघात. सातव्या पायरीवर आजवर दोनच बसले आहेत, १९८६ चे चेर्नोबिल आणि २०११ चे फुकुशिमा. अमेरिकेत थ्री माईल आयलंडला १९७९ मध्ये भट्टी अर्धी वितळली, तो पाचव्या पायरीवर. नरोऱ्याची आग तिसऱ्या.

आणि आपले शेजारी काक्रापार? ११ मार्च २०१६ ला, म्हणजे फुकुशिमाला बरोबर पाच वर्षे झाली त्याच दिवशी, तिथल्या पहिल्या भट्टीत पाण्याची नळी गळली. भट्टी आपोआप बंद पडली, केंद्रात आणीबाणी जाहीर झाली, ती दहा दिवसांनी उठली. गावे हलवावी लागली नाहीत. ही घटना पहिल्या पायरीवर मोजली गेली. म्हणजे घाबरण्यासारखे काही नव्हते, पण भट्टी पुन्हा चालू व्हायला तीन वर्षे लागली, यावरून दुरुस्ती किती किचकट होती ते समजून घ्या. याच केंद्रात जून १९९४ च्या पावसात पुराचे पाणीही शिरले होते.

या पायऱ्यांची एक गोम आहे. पहिल्या दिवशी सांगितलेला आकडा शेवटचा नसतो. फुकुशिमाला आधी चौथी पायरी सांगितली, आठवड्याने पाचवी, महिन्याने सातवी. म्हणून पहिल्या दिवशी 'किरकोळ आहे' ऐकले तरी रेडिओ बंद करू नका.

इथे मी थोडी वाट सोडून एक गोष्ट सांगते, कारण ती आपल्या वस्तीची आहे. आपल्याकडे चौथ्या पायरीचा अपघात कुठल्या केंद्रात झाला नाही. तो झाला दिल्लीच्या मायापुरीत, भंगाराच्या बाजारात, एप्रिल २०१० मध्ये. विद्यापीठातले एक जुने प्रयोगाचे यंत्र लिलावात भंगारात गेले. आत कोबाल्ट होते, किरणोत्सारी. भंगारवाल्यांनी शिशाचे आवरण तोडले. काहींची कातडी काळी पडली, केस गळाले, एक माणूस मेला. त्याआधी १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात भंगार वेचणाऱ्यांनी बंद पडलेल्या दवाखान्यातले यंत्र फोडले. आत रात्री निळे चमकणारे चूर्ण होते. पाहुण्यांना दाखवले, लेकरांच्या अंगाला लावले. चार जण गेले, त्यात सहा वर्षांची एक मुलगी. आपली कितीतरी माणसे भंगार गोळा करतात. दवाखान्यातले किंवा कारखान्यातले जड शिशाचे डबे, तीन पाकळ्यांच्या पंख्यासारखे चिन्ह असलेली कुठलीही वस्तू फोडू नका. लांब ठेवा, मुलांना दूर करा आणि पोलिसांना कळवा. जड वाटते म्हणून भाव जास्त मिळेल, हाच तिथे घात झाला.

दूध, गळ्यातली ग्रंथी आणि आठ दिवस

चेर्नोबिल त्या वेळच्या सोव्हिएत संघात, आजच्या युक्रेनमध्ये. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे एक चाचणी करताना चौथी भट्टी फुटली आणि दहा दिवस जळत राहिली. त्या रात्री दोन कामगार गेले. आग विझवणाऱ्यांपैकी आणि कामगारांपैकी १३४ जणांना किरणोत्सर्गाचा तीव्र आजार झाला, त्यातले २८ काही महिन्यांत वारले. हे थेट बळी.

शेजारच्या प्रिप्यात शहरात जवळपास ४९ हजार लोक राहत होते. त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी, सुमारे छत्तीस तासांनी हलवले. तोवर मुले अंगणात खेळत होती. जगाला बातमी कळली ती स्वीडनमधून. २८ एप्रिलला तिथल्या एका अणुकेंद्रात कामगाराच्या बुटांवर किरणोत्सर्ग सापडला, आणि तो त्यांच्या केंद्रातला नव्हता. त्यानंतर त्या संध्याकाळी मॉस्कोने चार ओळींची बातमी दिली. १ मे ला कीव्ह शहरात कामगार दिनाची मिरवणूक नेहमीसारखी निघाली.

या उशिराची किंमत मुलांनी दिली, आणि ती दुधातून दिली. भट्टी फुटली की बाहेर पडणाऱ्या पदार्थांत एक किरणोत्सारी आयोडीन असते. ते गवतावर पडते, गाय गवत खाते, दुधात उतरते, दूध मूल पिते. आपल्या गळ्यात थायरॉईड नावाची ग्रंथी असते, तिला आयोडीन लागतेच. चांगले कुठले आणि विषारी कुठले हे तिला कळत नाही. मुलांची ग्रंथी लहान, दूध पिणे जास्त, म्हणून त्यांना सगळ्यात मोठा मार. त्या भागातल्या मुलांच्या रोजच्या आहारातही आयोडीन कमी होते, त्यामुळे त्यांच्या ग्रंथींनी हे आयोडीन अधाशासारखे ओढले. २००५ पर्यंत बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या त्या भागांत, अपघाताच्या वेळी अठरा वर्षांखालच्या असलेल्यांमध्ये थायरॉईडच्या कर्करोगाचे सहा हजारांहून जास्त रुग्ण सापडले. हा कर्करोग बहुतेकदा उपचाराने बरा होतो, तोवर मृत्यू पंधरा झाले होते. पण गळ्यावर शस्त्रक्रियेची खूण आणि जन्मभर रोज एक गोळी.

पोलंडने मात्र वेगळे केले. बातमी कळताच मुलांना आयोडीनचे औषध पाजायला सुरुवात केली. एक कोटीहून जास्त मुलांना काही दिवसांत ते मिळाले.

आता दिलाशाची गोष्ट. हे आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मे होते. अडीच-तीन महिन्यांत हजारावा भागही उरत नाही. म्हणजे पहिले काही आठवडे उघड्यावर चरणाऱ्या गाई-शेळ्यांचे दूध मुलांना दिले नाही, तर या कर्करोगाचा मोठा भाग टळतो. आधीच पाकीटबंद केलेली दुधाची भुकटी चालते. जपानने काही दिवसांतच दूध आणि पालेभाज्या बाजारातून थांबवल्या, म्हणून तिथल्या मुलांना चेर्नोबिलपेक्षा फारच कमी मात्रा मिळाली.

दुसरा पदार्थ सीझियम. तो निम्मा व्हायला तीस वर्षे घेतो. तो मातीत बसतो. चेर्नोबिलचे सीझियम पावसाबरोबर ब्रिटनमधल्या वेल्सच्या डोंगरांवर पडले, दोन हजार किलोमीटरहून लांब, आणि तिथल्या मेंढ्या विकण्यावरचे निर्बंध उठायला २०१२ साल उजाडले.

मग वणीचे काय?

आपल्याकडे अणुकेंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंतच्या गावांसाठी आणीबाणीचा आराखडा असतो, आणि बाहेरच्या लोकांना हलवण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची असते. वणी त्या वर्तुळाच्या फार बाहेर आहे. मोठा अपघात झाला तरी आपल्याला घरदार सोडून पळायची वेळ येण्याची शक्यता फार कमी. पण सगळे अंतरावर ठरत नाही. फुकुशिमापासून चाळीस किलोमीटरवरचे इताते गाव, वर्तुळाच्या दुप्पट लांब, वारा आणि पाऊस त्या बाजूला गेला म्हणून रिकामे करावे लागले. चेर्नोबिलपासून दोनशे किलोमीटरवर बेलारूसमध्ये पाऊस पडला तिथे मोठे डाग उमटले. तारापूर आपल्या नैर्ऋत्येला, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वारा तिकडूनच येतो, सह्याद्रीवर पाऊस पाडत. काक्रापार वायव्येला, उत्तरेच्या बाजूला, हिवाळ्यातला वारा त्या अंगाने. म्हणून पळायची नाही, पण दूध, पालेभाजी आणि पावसाचे पाणी यांची काळजी घ्यायची वेळ आपल्यावर येऊ शकते.

तशी सूचना सरकारकडून आली तर घरात जा. आपली बरीच घरे पत्र्याची. पत्रा धूळ अडवतो, किरण फारसे अडवत नाही. शाळा, समाजमंदिर, विहार यांपैकी जे विटा-सिमेंटचे पक्के असेल तिथे मुलांना, गरोदर बायकांना आणि म्हाताऱ्यांना आधी न्या. खिडक्या-दारे बंद, पंखा बंद. बाहेरून आलेल्याने वरचे कपडे दाराशीच काढून पिशवीत बांधावेत. नुसते कपडे काढल्याने अंगावरची बहुतेक धूळ जाते. मग साबणपाण्याने अंघोळ, घासूघासून नाही, कातडी सोलवटली तर धूळ आत जाते. पाण्याचे पिंप आणि हंडे झाकून ठेवा. शेळ्या आत बांधा, साठवलेला चारा घाला. खात्रीची माहिती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाच्या १०७७ क्रमांकावर आणि आकाशवाणीवर मिळेल. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला निरोप पुढे पाठवण्याआधी तिथे विचारा.

आयोडीनची गोळी वेगळीच असते, पोटॅशियम आयोडाईडची. ती आरोग्य खाते सांगेल तेव्हाच, सांगेल तेवढीच घ्यायची. विषारी आयोडीन येण्याआधी किंवा पहिल्या काही तासांत घेतली तरच उपयोग, कारण ती ग्रंथी आधीच भरून टाकते. मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका आधी. चाळिशीच्या पुढच्यांना फायदा कमी. आणि ही गोळी फक्त आयोडीनपासून वाचवते, बाकी कशापासून नाही. जखमेवर लावायचे आयोडीन पिऊ नये, हे पुन्हा सांगते.

मिठाचेही तेच. २०११ मध्ये चीनमध्ये लोकांनी आयोडीनयुक्त मीठ पोत्याने विकत घेतले. हिशेब करा. आपल्या पाकिटातल्या किलोभर मिठात १५ ते ३० मिलिग्राम आयोडीन असते. मोठ्या माणसाच्या त्या एका गोळीत सुमारे १०० मिलिग्राम. म्हणजे एका गोळीसाठी तीन ते सहा-सात किलो मीठ खावे लागेल. त्याआधी माणूस मिठानेच मरेल. पण रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठच वापरा. बाजारातले खडे मीठ दोन रुपयांनी स्वस्त पडते, त्यात बहुधा आयोडीन नसते. बेलारूसच्या पोरांची ग्रंथी उपाशी होती म्हणून जास्त मार बसला, हे वर सांगितले. आणि अपघात झाला नाही तरी गलगंड टळतो, पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ नीट होते.

नंतरची वर्षे

फुकुशिमात किरणोत्सर्गाच्या तीव्र आजाराने एकही माणूस मेला नाही. एका कामगाराच्या फुप्फुसाच्या कर्करोगाचा मृत्यू जपान सरकारने २०१८ मध्ये कामामुळे झाला असे मान्य केले. मुलांच्या गळ्याच्या तपासणीत कर्करोग सापडले, पण ते इतक्या बारीक तपासणीमुळे सापडले असे संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांच्या समितीचे मत आहे. मग माणसे गेली कशाने? दीड लाखावर लोकांना घर सोडावे लागले. दवाखान्यांतून आणि वृद्धाश्रमांतून बसमध्ये घालून हलवताना आणि लगेच नंतर पन्नासहून जास्त रुग्ण दगावले. औषध नाही, अंथरूण नाही, थंडी. पुढे निवाऱ्यांत, परक्या गावांत, दारूने, मनाच्या खचण्याने, उपचार तुटल्याने मेलेल्यांची त्या एका प्रांतातली सरकारी संख्या दोन हजारांच्या वर गेली. चेर्नोबिलबद्दलही २००५ च्या अहवालाने सांगितले की जास्त मात्रा मिळालेल्यांपैकी शेवटी चार हजारांपर्यंत माणसे कर्करोगाने जाऊ शकतात, इतर काही अभ्यासकांचे आकडे याहून बरेच मोठे आहेत. पण त्याच अहवालात सगळ्यात मोठा आरोग्याचा प्रश्न म्हणून नोंदला गेला तो मनाचा. आपल्याला काहीतरी लागले आहे, आता आपले काही खरे नाही, या भावनेने लाखो लोक आजारी राहिले.

त्यात भर घातली शेजाऱ्यांनी. फुकुशिमाहून आलेल्या मुलांना शाळेत 'जंतू' म्हणून चिडवले. किरणोत्सर्ग झालेला माणूस संसर्गजन्य नसतो. अंघोळ केली, कपडे बदलले की त्याच्याजवळ बसायला, त्याच्या हातचे खायला, त्याच्या घरी मुलगी द्यायला काहीही हरकत नसते. तरी लोकांनी विटाळ पाळला. विटाळ म्हणजे काय हे आपल्या आजी-आजोबांना कुणी समजावून सांगावे लागले नव्हते. उद्या तारापूरकडून निघालेले कुटुंब आपल्या वस्तीत आले तर त्यांना पाणी वरून ओतले जाऊ नये, एवढे आपण पाहू शकतो.

आणखी एक गोष्ट वणीत बसून डोक्यातून जात नाही. फुकुशिमा हा पीच फळाचा आणि तांदळाचा प्रांत. २०१२ पासून पुढची काही वर्षे तिथे तांदळाचे प्रत्येक पोते यंत्राखालून तपासून निघायचे. तांदूळ निर्दोष निघाला तरी भाव पडलेलाच. आपला दिंडोरी तालुका द्राक्षांचा आणि टोमॅटोचा. किरणोत्सर्गाचा कणही न पडता नुसते नाव निघाले तरी निर्यात थांबेल. बागायतदाराला पंचनामा होऊन काही मिळेल. पण विरळणीला, डिपिंगला, खुडणीला जाणाऱ्या आपल्या बायकांचे काय? भरपाई सातबारा पाहून मिळते, आणि रोजंदारीवर जाणारीचे नाव कुठल्याच उताऱ्यावर नसते. अपघात न होताही माणसे उठतात. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली, पुनर्वसनाचे भांडण वर्षानुवर्षे न्यायालयात चालले.

शेवटचे, कामाला जाणाऱ्यांसाठी. चेर्नोबिल साफ करायला सहा लाखांच्या आसपास माणसे लावली गेली. फुकुशिमाचे बरेचसे काम ठेकेदारांच्या, त्यांच्या पोटठेकेदारांच्या माणसांनी केले. साफसफाईला बेघर आणि परदेशी मजूर वापरले जातात, याबद्दल २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क तज्ज्ञांनी चिंता बोलून दाखवली. झाडू कुणाच्या हातात येतो, हे जगभर सारखेच आहे.

काकूंच्या मुलाचा दिवाळीनंतर फोन आला. ठेकेदार म्हणतो अणुकेंद्रात पंधरा दिवसांचे देखभालीचे काम आहे, हजेरी जास्त आहे, घेऊ का? मी नको म्हटले नाही. नियम पाळले तर हे काम बोईसरच्या कित्येक रसायन कारखान्यांपेक्षा सुरक्षित असू शकते. मी त्याला सांगितले, छातीवर किरण मोजणारा बिल्ला मिळतो, तो तुझ्याच नावाचा आणि तुझ्याच क्रमांकाचा हवा, दुसऱ्याचा लावायचा नाही आणि आपला दुसऱ्याला द्यायचा नाही. जास्त काम मिळावे म्हणून बिल्ला काढून ठेवायचा नाही. कामगाराला वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर मात्रा देता येत नाही. तुलनेला सांगते, निसर्गातून प्रत्येकाला वर्षाला सरासरी अडीचच्या आसपास मिळतेच, आणि साध्या माणसासाठी केंद्राकडून वर्षाला १ ही मर्यादा आहे. अठरा वर्षांखालच्याला हे काम देता येत नाही. मात्रेची नोंद ठेवणे मालकाचे काम आहे, आणि आपली नोंद मागण्याचा हक्क कामगाराला आहे.

तो काम करून परत आला. ठेकेदाराने आधी टाळाटाळ केली, तिसऱ्यांदा मागितल्यावर कागद दिला. त्यावर मात्रेचा आकडा आहे, मर्यादेच्या खूप खाली. काकूंनी तो कागद शिधापत्रिकेच्या पिशवीत ठेवला आहे.